साडेआठ हजारांचा डबा, तीन मजली व्हीएम आणि ‘अनसपोर्टेड’ नावाचा शब्द

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना सुटलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातलेत आणि माझं ‘म्हणजे कसं’ जमेल तेवढं काढून टाकलंय.)

सगळ्यात जास्त मेसेज कशावर येतात सांगू? नोकरीवर नाही, एआयवरही नाही. मेसेज असा असतो: “दादा, क्लाऊड शिकायचंय, पण क्रेडिट कार्ड नाही. घरचे देत नाहीत. काय करू?” आणि घरचे देत नाहीत हे बरोबरच आहे. क्लाऊडवर एखादं मशीन चुकून चालू राहिलं, तर महिन्याच्या शेवटी बिल वडिलांच्या मोबाईलवर येतं. शिकणाऱ्या माणसाला मोडतोड करायची मुभा लागते, आणि मीटर चालू असताना कोणी मोकळेपणाने मोडतोड करत नाही.

म्हणून आजचा विषय होम लॅब. घरातल्या टेबलावर एक छोटा कॉम्प्युटर, त्यात पाच-दहा खोटे कॉम्प्युटर. त्यात काय वाटेल ते करा, मोडा, पुसा, पुन्हा उभं करा. आणि ही लॅब उभी करताना जे जुगाड करावे लागतात, ज्यांच्यावर कंपनी ‘अनसपोर्टेड’ असा शिक्का मारते, त्यांच्यावर जरा जास्त बोलणार आहे. कारण असे जुगाड कसे करायचे हे सगळे सांगतात. ते दुसऱ्याला कसे सांगायचे हे कोणी सांगत नाही.

आधी मूळ गोष्ट. आपल्याकडे सिडकोत कुठल्याही सेक्टरला जा. एक प्लॉट, वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन खोल्या, आणि खोल्यांमध्ये परभणी, बीड, जालन्याहून आलेली पोरं. प्रत्येकाला वाटतं खोली आपली. कुलूप वेगळं, पंखा वेगळा. पण जमीन एकच, बोअर एकच, टाकी एकच, आणि कोणाला काय मिळेल ते घरमालक ठरवतो. हा घरमालक म्हणजे हायपरवायझर. खोल्या म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आपण व्हीएम म्हणू. खोलीतल्या पोराला, म्हणजे आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला, वाटतं की अख्खा कॉम्प्युटर आपलाच.

घरमालक दोन प्रकारचे. एक थेट जमिनीवर घर बांधतो: ईएसएक्सआय, प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही. दुसरा स्वतःच भाडेकरू आहे आणि आपल्या खोलीत पोटभाडेकरू ठेवतो: लॅपटॉपवर विंडोज आहेच, त्यात व्हर्च्युअलबॉक्स टाकला. शिकायला दुसराही चालतो. लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम असेल तर आजच्या आज सुरू करा, नवीन काही विकत घेऊ नका. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो पूर्वी पैसे देऊन घ्यावं लागायचं, ते नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांसाठी फुकट आहे, अगदी धंद्याच्या वापरालाही.

इतिहास पटकन उरकतो. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी लिहून ठेवलं की प्रोसेसर कसा असेल तर त्यावर नीट व्हर्च्युअलायझेशन होईल. आपल्या पीसीचा एक्स८६ प्रोसेसर त्या अटीत बसत नव्हता. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने तरीही करून दाखवलं: अडचणीच्या सूचना चालता चालता बदलून टाकायच्या. म्हणजे बघा, हा अख्खा धंदाच मुळात एका जुगाडावर उभा आहे. मग २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच त्याची सोय केली. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत केव्हीएम आलं, आणि २००८ मध्ये व्हिएन्नातल्या एका छोट्या कंपनीने केव्हीएमवर वेब पडदा चढवून प्रॉक्समॉक्स बाहेर काढलं. आपण तेच वापरणार आहोत. का, ते पुढे येतंच.

एक मजेशीर गोष्ट. तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय, त्यातही घरमालक बसलेला असू शकतो. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये अँड्रॉइड १३ पासून केव्हीएमचाच एक प्रकार आहे, आणि मार्च २०२५ पासून पिक्सेलवर टर्मिनल अॅप उघडलं की आत खरा डेबियन लिनक्स व्हीएममध्ये चालतो. टर्मक्स ही वेगळी गोष्ट. टर्मक्स म्हणजे त्याच खोलीत वेगळी चटई टाकणं, नवी खोली नाही.

आता डबा.

मी सर्व्हर घ्या म्हणत नाही. ऑनलाइन स्वस्तात जुना रॅक सर्व्हर दिसतो, दोन प्रोसेसर, १२८ जीबी रॅम, आणि पोरं वेडी होतात. तो घरात चालू करा, मिक्सरसारखा आवाज येईल आणि आई दुसऱ्या दिवशी बंद करायला लावेल. आणि विजेचं बघा. रिकामा बसलेला असा सर्व्हर १५० वॅट खातो असं धरलं, तर महिन्याला १०८ युनिट. घराचं बिल सरळ महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये जातं, म्हणजे ती १०८ युनिट महागड्या दराने. तेच मिनी पीसी रिकामा असताना १०-१५ वॅट घेतो. कामाचा भार धरून सरासरी २० वॅट पकडा: महिन्याला १४.४ युनिट. हे घरी पटवता येतं.

मिनी पीसी म्हणजे डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी. जाडजूड पुस्तकाएवढा डबा. कंपन्या शेकड्याने घेतात आणि काही वर्षांनी शेकड्याने काढतात. सध्या ते स्वस्त आहेत त्यामागे मायक्रोसॉफ्टचा मोठा हात आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट मशीनं एका तारखेला ऑफिससाठी म्हातारी झाली. लिनक्सला त्याचं काही देणंघेणं नाही. माझा पहिला डबा आय५-६५००टी आहे: चार कोअर, ३५ वॅटचा प्रोसेसर. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसकट साडेआठ हजारांना मिळाला. पैठण गेटला मोबाईलचं जगातलं काहीही मिळेल, पण हा तिथे मिळाला नाही, ऑनलाइन मागवला. रॅमचे भाव मात्र २०२५ च्या शेवटापासून असे चढलेत की सोन्याशी तुलना करायचा मोह होतो. म्हणून डबा घेताना आधीच जास्त रॅम असलेला मिळतोय का ते बघा. नंतर टाकणं महागात जातं.

घेताना तीन गोष्टी तपासा, यात फसगत होते. एक, बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड आहे का. असला तर व्हर्च्युअलायझेशनचं बटणच चालू करता येणार नाही आणि डबा नुसता पेपरवेट. विकणाऱ्याला बायोस उघडलेला व्हिडिओ मागा. दोन, अडॅप्टर त्याच कंपनीचा आहे का. डेलचा अडॅप्टर आपली ओळख मशीनला सांगतो. ओळख पटली नाही तर मशीन चालतं, पण प्रोसेसर मुद्दाम मंद करतं. मग माणूस महिनाभर विचार करत बसतो की हे एवढं स्लो का. तीन, बायोसमध्ये वीज गेल्यावर परत आली की आपोआप चालू होण्याची सेटिंग आहे, ती लावून टाका. आपल्याकडे हे सांगायची गरज नाही.

आता सॉफ्टवेअर, आणि इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण ती अजून चालू आहे. कित्येक वर्षं होम लॅब म्हणजे व्हीएमवेअरचं फुकट ईएसएक्सआय, असंच समीकरण होतं. पोरं घरी ते शिकायची, मग पुण्यातल्या डेटा सेंटरच्या नोकरीत तेच वापरायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. डिसेंबरमध्ये एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स बंद, फक्त सबस्क्रिप्शन. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट ईएसएक्सआय बंद. एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३ई बरोबर ते गुपचूप परत आलं, रिलीज नोट्समधल्या एका ओळीत. पण मधल्या चौदा महिन्यांत लोक निघून गेले होते. प्रॉक्समॉक्सने ८.२ आवृत्तीत ईएसएक्सआयवरून व्हीएम उचलून आणायची सोयच देऊन टाकली.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. सुरुवात प्रॉक्समॉक्सवर करा, ते मुक्त आहे, खाली साधा डेबियन लिनक्स आहे, आणि जे शिकाल ते इतर कुठेही उपयोगी पडतं. मोठ्या कंपन्यांत व्हीएमवेअर आहे आणि राहणार आहे, म्हणून ते नंतर शिका, प्रॉक्समॉक्सच्या आत. हो, आत. ते सांगतोच.

त्याआधी तो शब्द. अनसपोर्टेड.

या शब्दाचा अर्थ ‘चालत नाही’ असा नाही. ‘बेकायदेशीर’ असाही नाही. अर्थ एवढाच, की हे आम्ही तपासलेलं नाही, बिघडलं तर फोन करू नका. रिक्षावाला तीन सीटच्या रिक्षात सहा जणांना बसवून वाळूजला नेतो, रिक्षा जाते. इन्शुरन्सवाला मात्र हात वर करतो. आणि उलटही खरं आहे: सपोर्टेड म्हणजे बिनधोक नाही. व्हीएमवेअरने ७.० अपडेट ३ ही अधिकृत आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वतःच मागे घेतली होती, ज्यांनी इमानदारीत अपडेट मारलं त्यांनाच त्रास झाला.

पण एक रेघ स्पष्ट मारतो. टेलिग्रामवर मिळणारी लायसन्स की हा जुगाड नाही, चोरी आहे, आणि त्याबरोबर काय काय येतं देव जाणे. त्याबद्दल मेसेज करू नका.

जुगाडांमध्ये सगळ्यात शिकवणारा जुगाड म्हणजे नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन. व्हीएमच्या आत हायपरवायझर, त्याच्या आत व्हीएम. पोटभाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला. तळमजल्यावर खरा प्रॉक्समॉक्स, पहिल्या मजल्यावर खोटा प्रॉक्समॉक्स किंवा ईएसएक्सआय, दुसऱ्या मजल्यावर त्यातला लिनक्स. हे कशाला? कारण क्लस्टर शिकायला किमान तीन मशीनं लागतात आणि आपल्याकडे एकच डबा आहे.

तीनच का? क्लस्टरमध्ये निर्णय बहुमताने होतो. दोन मशीनं असली आणि मधली केबल तुटली, तर दोघांनाही वाटतं दुसरा मेला. दोघंही तीच व्हीएम चालू करतात, दोघंही एकाच डिस्कवर लिहितात, डेटाची वाट लागते. तीन असली की दोघांचं बहुमत होतं, एकटा पडलेला गप्प बसतो.

करायचं कसं: प्रॉक्समॉक्समध्ये नवीन व्हीएम बनवताना सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ निवडा. एवढंच. त्यामुळे प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय आतल्या व्हीएमला दिसते. लिनक्स कर्नल ४.२० पासून इंटेलवर हे डिफॉल्ट चालू असतं. अशा तीन व्हीएम करा, प्रत्येकी ४ जीबी रॅम, तिन्हींत प्रॉक्समॉक्स टाका, क्लस्टर जोडा. १२ जीबीत तीन ‘सर्व्हर’. त्यांना सामाईक डिस्क द्यायला चौथी छोटी व्हीएम, एनएफएस सर्व्हर म्हणून. मग दुसऱ्या मजल्यावर एक छोटं लिनक्स चालू करा, हाय अव्हेलेबिलिटीत टाका, आणि ज्या खोट्या सर्व्हरवर ते आहे त्याला तळमजल्यावरून सरळ ‘स्टॉप’ मारा. प्लग उपटल्यासारखं. बसून बघा. साधारण दोन मिनिटांत ते लिनक्स दुसऱ्या सर्व्हरवर उठून उभं राहतं. पुस्तकात फेल्ओव्हर हा शब्द दहा वेळा वाचला तरी जे कळत नाही, ते या दोन मिनिटांत कळतं. इंटरव्ह्यूत हे कोणी विचारलं, तर पाठ केलेलं उत्तर आणि पाहिलेलं उत्तर यातला फरक समोरच्याला लगेच दिसतो.

ईएसएक्सआय आत टाकायचा असेल तर दोन गोष्टी. नेटवर्क कार्ड व्हीएमएक्सनेट३ निवडा आणि डिस्क साटा ठेवा; प्रॉक्समॉक्सचे नेहमीचे व्हर्टआयओ प्रकार ईएसएक्सआयला ओळखताच येत नाहीत. आणि रॅमचा हिशोब आधी करा. ईएसएक्सआय ८ ला प्रत्येकी ८ जीबी, तीनचे २४. त्यांना सांभाळणारा व्हीसेंटर सगळ्यात छोट्या आकारातही १४ जीबी मागतो. झाले ३८. म्हणजे ३२ जीबीच्या डब्यात हे बसत नाही, ६४ लागतात.

हे हळू चालतं, आणि का ते सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या पोराला नळ दुरुस्त करून हवा असला तर तो पहिल्या मजल्यावरच्या मालकाला हाक मारतो. पण प्रोसेसरला पहिल्या मजल्याचा मालक मालक वाटतच नाही; त्याच्यासाठी मालक एकच, तळमजल्यावरचा. म्हणून हाक आधी खाली जाते, खालचा म्हणतो हे माझं काम नाही, पहिल्याला निरोप देतो, पहिला काहीतरी करायला जातो, त्यालाही खालच्याची परवानगी लागते. एका कामाला जिन्यावर पाच फेऱ्या. शिकायला चालतं, धंद्याला नाही. व्हीएमवेअर नेस्टेड ईएसएक्सआयला प्रॉडक्शनसाठी सपोर्ट देत नाही, आणि गंमत म्हणजे त्यांची स्वतःची हँड्स-ऑन लॅब, जिथे जगभरातले लोक त्यांचं सॉफ्टवेअर फुकट वापरून बघतात, ती नेस्टेडवरच चालत आलेली आहे.

रॅमचा जुगाड दोन प्रकारचा. पहिला: कागदावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त टाकणं. इंटेलच्या छोट्या एनयूसी मशीनच्या कागदपत्रात जास्तीत जास्त ३२ जीबी लिहिलेलं असायचं, पण २०१९ मध्ये ३२ जीबीच्या एकेक पट्ट्या बाजारात आल्यावर लोकांनी दोन टाकून ६४ चालवून दाखवले. व्हीएमवेअरमध्येच काम करणाऱ्या विल्यम लॅम या इंजिनीअरने तेव्हा हे करून ब्लॉगवर लिहिलं होतं. होम लॅबवाल्यांमध्ये त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, आणि मला त्याची पद्धत आवडते: कोणतं मशीन, कोणती आवृत्ती, काय चाललं, आणि शेजारीच ठळक ‘हे अधिकृतपणे सपोर्टेड नाही’. तर, मशीनचा कागद बघू नका, प्रोसेसरचा कागद बघा. ६५००टी ला इंटेलच ६४ जीबी म्हणतं. तरी रॅम टाकल्यावर रात्रभर मेमटेस्ट चालवा, ही फुकटची झोप आहे.

दुसरा प्रकार: असलेली रॅम जास्त आहे असं सांगणं. टाकी दोन हजार लिटरची, पण तीन खोल्यांना सांगितलं प्रत्येकाला हजार लिटर. सगळे एकाच वेळी आंघोळीला गेले नाहीत तर कोणाला कळत नाही. आपल्या शहराला हे समजावायला नको. जायकवाडी भरलेलं असतं आणि नळ कधी येणार ते विचारू नका. हायपरवायझर हे दोन रीतीने साधतो. बलूनिंगमध्ये तो खोलीतल्या न वापरलेल्या बादल्या परत मागतो. केएसएममध्ये, जे २००९ च्या शेवटी लिनक्समध्ये आलं, तो बघतो की चार व्हीएममध्ये तेच उबुंटू आहे, तर सारखी पानं एकदाच ठेवू. लॅबमध्ये एकसारख्या व्हीएम बऱ्याच असतात म्हणून तिथे हे खूप कामाला येतं.

बाकीचे पटापट. जुन्या प्रोसेसरवर ईएसएक्सआयचा इन्स्टॉलर नाही म्हणाला, तर बूट होताना शिफ्ट आणि ओ दाबून ‘अलाउलेगसीसीपीयू’ ला ‘ट्रू’ करता येतं. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून मोठे आणि छोटे असे दोन जातींचे कोअर आले, ते बघून ईएसएक्सआय घाबरून जांभळा पडदा दाखवतो. त्यालाही तसाच एक बूट पर्याय आहे, जो सगळे कोअर सारखे आहेत का ही तपासणी सोडून देतो. ईएसएक्सआय ७.० मध्ये, म्हणजे २०२० मध्ये, लिनक्सवरून घेतलेले जुने ड्रायव्हर काढून टाकले आणि रियलटेक कार्डवाले रस्त्यावर आले. तेव्हा यूएसबीच्या नेटवर्क कार्डाचा एक ड्रायव्हर कामी आला, तोही अनसपोर्टेडच. प्रॉक्समॉक्सवर या मिनी पीसींचं एक ठरलेलं दुखणं आहे: इंटेलचं आय२१९ कार्ड भरपूर डेटा जाताना लटकतं, लॉगमध्ये ‘हार्डवेअर युनिट हँग’ दिसतं. इथटूलने सेगमेंटेशन ऑफलोड बंद केलं की थांबतं, प्रोसेसरवर थोडा भार वाढतो. यासाठी कार्ड बदलू नका. आणि प्रॉक्समॉक्स लॉगिनला सबस्क्रिप्शनची खिडकी दाखवतो, ती घालवायच्या स्क्रिप्ट लोक वाटत फिरतात. मुक्त सॉफ्टवेअर आहे, बदलायला बंदी नाही, पण प्रत्येक अपडेटला ती परत येते आणि कोणाची तरी स्क्रिप्ट रूट म्हणून चालवण्यापेक्षा एक ‘ओके’ दाबणं स्वस्त आहे.

बाहेरून लॅबला पोचायचं तर राउटरवर पोर्ट उघडत बसू नका. आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनवर सीजीनॅट असतं, म्हणजे तुमचा आयपी एकट्याचा नसतोच, अख्ख्या गल्लीचा असतो. वायरगार्ड किंवा त्यावर बांधलेलं टेलस्केल टाका, बसस्टँडवर बसून फोनवरून लॅब दिसते.

आता ज्याच्यासाठी हा एपिसोड केला ते.

एका कॉलेज ग्रुपवर एक जुगाड फिरत होता: प्रॉक्समॉक्समध्ये डिस्कचं कॅश ‘राइट बॅक अनसेफ’ करा, व्हीएम तुफान पळते. एवढंच, सोबत एक स्क्रीनशॉट आणि आगीचे तीन इमोजी. जुगाड खोटा नाही. लॅबमध्ये विंडोज टाकताना मीही ते करतो, इन्स्टॉल खरंच लवकर होतं. पण ते काय करतं बघा. आतला प्रोग्राम, समजा हिशोबाचं सॉफ्टवेअर, एक नोंद लिहितो आणि विचारतो: डिस्कवर पक्कं गेलं का? नेहमीच्या सेटिंगमध्ये होस्ट थांबतो, डिस्ककडून होकार घेतो, मग हो म्हणतो. ‘अनसेफ’मध्ये तो लगेच हो म्हणतो, नोंद अजून रॅममध्येच असते. कुरिअरवाला पार्सल पिशवीत ठेवूनच ‘डिलिव्हर्ड’ टाकतो ना, तसं. पिशवी हरवली नाही तर कोणाला कळणार नाही.

वाळूजला छोटं वर्कशॉप असलेल्या एका माणसाच्या पुतण्याने तो मेसेज वाचला. काकांच्या ऑफिसात त्याने आधीच एक जुना पीसी घेऊन प्रॉक्समॉक्स लावलं होतं, त्यात हिशोबाची विंडोज व्हीएम. चांगलं लावलं होतं खरं तर. त्याने ‘अनसेफ’ केलं, सगळे खूश. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी लाइट गेली. इन्व्हर्टर होता, पण तो साध्या मोडवर होता, यूपीएस मोडवर नाही. साध्या मोडमध्ये बॅटरीवर यायला जेवढा वेळ जातो तो पंख्याला, ट्यूबला कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. डबा बंद होऊन चालू झाला. हिशोबाची फाइल उघडेना. बॅकअप म्हणून जे होतं तो त्याच डिस्कवरचा स्नॅपशॉट होता, आणि स्नॅपशॉट बॅकअप नसतो, कारण तो मूळ डिस्कच्याच जिवावर उभा असतो. जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर आणि जवळजवळ तीन आठवड्यांची बिलं कागदावरून परत भरावी लागली. काका चांगले, पोराला बोलले नाहीत. पण त्या ऑफिसात आता कोणी त्याला कॉम्प्युटरला हात लावू देत नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. पोरगा हुशार आहे.

यात चूक कोणाची? मेसेज टाकणाऱ्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. त्याने अर्धं सांगितलं. ‘कुठे वापरू नका’ हा अर्धा भाग त्याच्या डोक्यात असेलही, पण स्क्रीनशॉटमध्ये डोकं दिसत नाही.

म्हणून आपल्या ग्रुपवर आता मी एक पद्धत ठेवली आहे. जुगाड टाकायचा तर आधी मशीन आणि आवृत्ती लिहा, तारखेसकट. कारण आज चालणारा बूट पर्याय पुढच्या आवृत्तीत गायब असू शकतो आणि तुमचा मेसेज मात्र तीन वर्षांनीही शोधात सापडतो. मग याने नेमकं काय बदलतं ते एका वाक्यात. ते वाक्य लिहिता येत नसेल तर आपल्यालाच कळलेलं नाही, मग शेअर करू नका, प्रश्न म्हणून टाका. मग परत कसं जायचं. आणि शेवटी, वीज गेली, अपडेट आलं किंवा डिस्क गेली तर काय होईल. ‘अनसेफ’चा मेसेज असा असता: “प्रॉक्समॉक्स ८, घरचा डबा. डिस्कवर लिहिल्याचा होकार न थांबता दिला जातो, म्हणून इन्स्टॉल लवकर. इन्स्टॉल झालं की कॅश परत ‘नो कॅश’ करा. मध्येच वीज गेली तर व्हीएम पुसून पुन्हा करावी लागेल. ज्यात कोणाचाही डेटा आहे तिथे नको.” पाच ओळी. इमोजी हवे असतील तर टाका.

ज्यांच्याकडे आधीच असं काही चालू आहे त्यांच्यासाठी: आज घरी गेल्यावर प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक व्हीएमच्या हार्डवेअर टॅबमध्ये डिस्कची ओळ बघा, त्यात ‘अनसेफ’ दिसतंय का. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएसचं बटण असतं, ते कुठल्या बाजूला आहे बघा. आणि बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, यूएसबीची का असेना, रात्री आपोआप जाऊ द्या. डेटासेंटर, मग बॅकअप, तिथे वेळ लावायची सोय आहे. महिन्यातून एकदा त्यातली एक व्हीएम नव्या नंबरने रिस्टोअर करून चालू करून बघा. रविवारी दुपारी, चहा होईपर्यंत होतं.

उन्हाळ्याचं राहिलंच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि हे डबे लोक देवघराच्या वरच्या फळीवर नाहीतर टीव्हीच्या मागे कोंबतात. खाली काढा, उभा ठेवा, मागून हवा जाऊ द्या. माझा डबा दुपारी दोन वाजता ८० अंशांच्या वर जायचा. फॅन उघडून धूळ साफ केली, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली, आणि त्याच उन्हात ६८ वर आला. कंपनीतून निघालेल्या मशीनमधली पेस्ट सुकून खडू झालेली असते, डबा आल्या आल्याच बदला.

पुढच्या भागात याच डब्यात फायरवॉल आणि व्हीलॅन लावू. एकच नेटवर्क पोर्ट असताना ते कसं करायचं हा परत एक जुगाड आहे, तो वरच्या पाच ओळींच्या पद्धतीनेच सांगेन. तोपर्यंत तुमचे जुगाड पाठवा, मशीन आणि आवृत्ती लिहून.